दर बॅचला विसाव्या दिवशी पातळ विष्ठा: फीड ॲडिटिव्ह बदलण्याआधी काय तपासायचे

तक्रार साधारण अशी असते. पहिले पंधरा दिवस ब्रॉयलर (मांसासाठी वाढवलेल्या) कोंबड्यांची बॅच छान चालते, वजन टार्गेटला असते. १८ ते २४ दिवसांच्या दरम्यान लिटर (शेडमध्ये अंथरलेले तूस) ओले व्हायला लागते, विष्ठेत मक्याचे कण दिसतात, खाद्य उचलण्याचा वेग मंदावतो. प्रोबायोटिक (उपयोगी जिवाणू) दिले की चार दिवस बरे वाटते, मग पुन्हा तेच. पुढच्या बॅचला ॲसिडिफायर (पाणी किंवा खाद्य आम्ल करणारे ॲसिड) जोडला जातो, त्यानंतरच्या बॅचला इसेन्शियल ऑइल, मग टॉक्सिन बाइंडरचा (बुरशीचे विष बांधणाऱ्या पावडरीचा) डोस दुप्पट. खर्च चढत जातो आणि एफसीआर (किलोभर वजनासाठी लागणारे खाद्य) जागचा हलत नाही.

अशा बहुतेक शेडमध्ये ॲडिटिव्हची कमतरता नसते. आतड्यात नेमके कुठे आणि काय बिघडले हे न बघता एकावर एक वस्तू चढवलेल्या असतात, आणि त्यातल्या दोन-तीन एकमेकींचा परिणाम मारत असतात. म्हणून नवीन डबा उघडण्याआधी खालच्या क्रमाने तपासणी करा. हा क्रम सोडून मधूनच सुरुवात केली तर उत्तर हमखास चुकते.

आधी विष्ठा, मग औषध

संध्याकाळी शेडमध्ये आठ-दहा ठिकाणी कोरे पुठ्ठे टाका आणि दोन तासांनी टॉर्च घेऊन बघा. लिटरवरची जुनी विष्ठा बघून काही कळत नाही.

मधली विष्ठा घट्ट, आकार धरलेली, पण भोवती स्वच्छ पाण्याचे वर्तुळ असेल, तर आतडे बहुधा ठीक आहे. पक्षी पाणी जास्त पितोय. कारण मिठात, उष्णतेत, मूत्रपिंडात किंवा बुरशीच्या विषात शोधा. इथे प्रोबायोटिक दिल्याने काही साधणार नाही.

विष्ठेला आकारच नाही, पिवळट, आणि मका-सोयाचे कण ओळखू येतात, तर ते फीड पासिंग. खाद्य पचण्याआधीच पुढे सरकतेय. नारिंगी शेंबूड किंवा टोमॅटोच्या सालीसारखे तुकडे दिसले तर कॉक्सीचा (आयमेरिया या सूक्ष्म परजीवींमुळे होणाऱ्या आतड्याच्या आजाराचा) संशय घ्या, विशेषतः आयमेरिया मॅक्सिमाचा. ताजे रक्त म्हणजे बहुधा आयमेरिया टेनेला. तपकिरी, फेसाळ, आंबूस वासाची विष्ठा म्हणजे आंधळ्या आतड्यात (सीकममध्ये) न पचलेले खाद्य आंबतेय.

एक खबरदारी. निरोगी पक्षीही दिवसातून एक-दोन वेळा आंधळ्या आतड्याची चिकट, चकचकीत, गडद तपकिरी विष्ठा टाकतो. ती आजार समजून औषध सुरू करण्याची चूक फार सर्रास होते. दहा विष्ठांत अशी एखादी असेल तर सोडून द्या. फेस आला असेल आणि प्रमाण वाढले असेल तरच दखल घ्या.

पक्षी उघडून बघा, पण योग्य पक्षी

मेलेला किंवा कोपऱ्यात बसलेला पक्षी यासाठी कामाचा नाही. मेल्यानंतर आतड्याचे आतले अस्तर फार लवकर सुटते आणि प्रत्येक आतडे आजारीच दिसते. शेडच्या वेगवेगळ्या भागांतून चालते-फिरते, सरासरी वजनाचे ५-६ पक्षी घ्या आणि मारल्यावर लगेच उघडा.

आतडे बाहेर काढल्यावर कापण्याआधी रंग आणि ताण बघा. निरोगी आतडे गुलाबी आणि नळीसारखे गोल राहते. फुगलेले, पातळ, आतला माल बाहेरून दिसतो असे आतडे म्हणजे स्नायूंचा ताण गेलेला. मग कात्रीने उभे कापा. कापलेली कड लगेच बाहेरच्या बाजूला वळली तर ताण चांगला आहे. कड तशीच सपाट पडून राहिली तर आतडे थकलेले आहे. ही चाचणी फुकट आहे आणि दर बॅचला १४, २१ आणि २८ व्या दिवशी केली तर लिटर ओले होण्याच्या चार-पाच दिवस आधीच अंदाज येतो.

जागा महत्त्वाची. सुरुवातीच्या वळणात (ड्युओडेनममध्ये) शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या पांढऱ्या रेषा असतील तर आयमेरिया ॲसर्व्हुलिना. मधल्या भागात, पिवळ्या बलकाच्या उरलेल्या गाठीच्या आसपास, बारीक लाल ठिपके आणि नारिंगी शेंबूड असेल तर मॅक्सिमा. आंधळ्या आतड्यात रक्ताच्या गुठळ्या असतील तर टेनेला. आतले अस्तर जुन्या टॉवेलसारखे खडबडीत, पिवळट-तपकिरी झाले असेल आणि घाण वास येत असेल तर नेक्रोटिक एन्टरायटिस, म्हणजे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स या जिवाणूचा हल्ला. मॅक्सिमाचे घाव नुसत्या डोळ्यांनी बरेचदा निसटतात. अस्तर खरवडून काचपट्टीवर मायक्रोस्कोपखाली बघून घेणे शहाणपणाचे.

गिझार्डही (खाद्य दळणारे स्नायूंचे पोट) उघडा. छोटा, मऊ, आत पिठासारखे खाद्य असेल तर दळण फार बारीक आहे. गिझार्डला काम नसले की आम्लही कमी सुटते, खाद्य लवकर पुढे सरकते, आणि मग फीड पासिंगसाठी एन्झाइम शोधले जाते. खाद्यातले निदान २० ते ३० टक्के कण १ मिलिमीटरच्या वर असू द्या.

१८ ते २४ दिवसच का

याच काळात तीन गोष्टी एकत्र येतात. लिटरवरची कॉक्सी दुसऱ्या-तिसऱ्या चक्रात पोचते. एक चक्र ४ ते ७ दिवसांचे असते, आणि बाहेर पडलेली अंडी ओलावा, हवा आणि २५ ते ३० अंश तापमान मिळाले की एक-दोन दिवसांत रोगकारक होतात. दुसरे, स्टार्टरवरून (सुरुवातीच्या खाद्यावरून) फिनिशरवर (शेवटच्या खाद्यावर) बदल होतो. तिसरे, पक्ष्याचे खाद्य झपाट्याने वाढलेले असते, त्यामुळे न पचलेले प्रथिन मागच्या आतड्यात जास्त पोचते.

कॉक्सीने अस्तर फाडले की त्यातून रक्तातली प्रथिने आतड्यात झिरपतात आणि शेंबूड वाढतो. क्लॉस्ट्रिडियमला खायला हेच लागते. साखळी अशी आहे: आधी कॉक्सी, मग क्लॉस्ट्रिडियम, मग ओले लिटर, आणि ओल्या लिटरवर पुन्हा कॉक्सी. फक्त शेवटची कडी धरून प्रोबायोटिक देत राहिले की आजार दर बॅचला त्याच दिवशी हजेरी लावतो.

इथे एक बारकावा आहे. सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन, नॅरासिन यांसारखी आयोनोफोर गटातली कॉक्सीची औषधे कॉक्सीबरोबर क्लॉस्ट्रिडियमलाही दाबतात. डायक्लाझुरिल, नायकार्बाझिन, रोबेनिडिन ही रासायनिक औषधे ते करत नाहीत. कॉक्सीची लसही करत नाही. त्यामुळे आयोनोफोर सोडून रासायनिक औषधावर किंवा लसीवर गेलेल्या शेडमध्ये कॉक्सी आटोक्यात असूनही नेक्रोटिक एन्टरायटिस वर येतो. «प्रोग्रॅम बदलला आणि त्रास सुरू झाला» असे ऐकू आले की पहिली शंका हीच घ्या. लासालोसिडवर असाल तर आणखी एक गोष्ट: त्यावर पक्षी पाणी जास्त पितात आणि लिटर ओलावते. तो रोग समजू नका.

मीठ आणि पाणी

साधारण आरामदायी तापमानात ब्रॉयलर १ किलो खाद्यामागे १.८ ते २ लिटर पाणी पितो. पाण्याचा मीटर लावा आणि रोज एकाच वेळी नोंद घ्या. हवा गरम नसताना हे प्रमाण अचानक २.३ किंवा २.५ झाले, तर खाद्यातले मीठ मोजा.

खाद्यात सोडियम ०.१६ ते ०.२३ टक्के आणि क्लोराइडही साधारण तेवढेच हवे. मिठात ३९ टक्के सोडियम असते, खाण्याच्या सोड्यात २७ टक्के. म्हणजे टनाला ३ किलो मीठ आणि २ किलो सोडा घातला की सोडियम ०.१७ टक्के तिथेच होते. वर मासळी असेल तर तिचे मीठ वेगळे, आणि पाण्यातून इलेक्ट्रोलाइट चालू असेल तर तेही वेगळे. बरेचदा ओल्या लिटरचे मूळ एवढेच असते.

इलेक्ट्रोलाइट समतोल काढायचा तर किलोमागे मिलिग्रॅममध्ये: सोडियम भागिले २३, अधिक पोटॅशियम भागिले ३९, वजा क्लोराइड भागिले ३५.५. सोडियम ०.१८, पोटॅशियम ०.८५, क्लोराइड ०.२२ टक्के (किलोमागे १८००, ८५०० आणि २२०० मिलिग्रॅम) असेल तर ७८ अधिक २१८ वजा ६२, म्हणजे सुमारे २३४. ही संख्या २२० ते २५० मध्ये राहू द्या. सोयापेंड वाढली की पोटॅशियम वाढते, हे विसरू नका.

निपलचा (पक्षी ज्यातून पाणी पितात त्या तोटीचा) प्रवाहही मोजा. वय आठवड्यांत गुणिले ७, अधिक २०, एवढे मिलिलिटर दर मिनिटाला. तीन आठवड्यांच्या पक्ष्याला साधारण ४१. निपलखाली लिटर ओले आणि फीडरखाली कोरडे असेल तर दोष निपलच्या उंचीत, दाबात किंवा गळतीत आहे, आतड्यात नाही.

ॲडिटिव्ह एकमेकांना कुठे मारतात

सर्वांत जास्त नुकसान इथे होते, म्हणून जरा सावकाश वाचा.

*क्लोरीन आणि प्रोबायोटिक.* शेवटच्या निपलवर २ ते ४ पीपीएम (दहा लाख भागांत तेवढे भाग) मुक्त क्लोरीन ठेवणे योग्यच आहे. पण त्याच पाण्यात लॅक्टोबॅसिलस (प्रोबायोटिकमधला एक जिवाणू) टाकले तर ते टाकीतच मरते. पाण्यातून जिवंत प्रोबायोटिक द्यायचे असेल तेव्हा क्लोरीन बंद ठेवा, साधे पाणी वापरा आणि ३-४ तासांत संपेल एवढेच द्रावण करा. खाद्यातून देत असाल आणि खाद्य पेलेट (दाबून केलेल्या गोळ्या) असेल तर बॅसिलस सबटिलिस किंवा बॅसिलस लायकेनिफॉर्मिससारखे बीजाणूवाले घ्या. पेलेट करण्याआधीच्या ८० ते ८५ अंशांच्या वाफेच्या कंडिशनिंगमधून लॅक्टोबॅसिलस जिवंत बाहेर येत नाही.

डोस पाकिटावरून नव्हे, सीएफयूवरून (जिवंत जिवाणूंच्या संख्येवरून) ठरवा. पावडरीत ग्रॅममागे २ अब्ज सीएफयू असतील तर टनाला ५०० ग्रॅम घातल्यावर किलो खाद्यात १ अब्ज सीएफयू होतात. त्याच किमतीत ग्रॅममागे २० कोटींचे उत्पादन घेतले तर तोच परिणाम मिळवायला ५ किलो लागतील. पाकिटावर संख्या छापलेलीच नसेल तर ते उत्पादन घेऊ नका.

*अँटिबायोटिक आणि प्रोबायोटिक.* पाण्यातून अँटिबायोटिक चालू असताना प्रोबायोटिक देणे म्हणजे पैसे वाया. कोर्स संपल्यावर लगेच सुरू करा आणि निदान ५ दिवस चालू ठेवा.

*ॲसिडिफायरचा डोस.* बाटलीवर लिहिलेला डोस तुमच्या पाण्यासाठी नसतो. पाण्याचा क्षारपणा जागोजागी वेगळा. १० लिटर पाणी बादलीत घ्या, एकेक मिलिलिटर ॲसिड घाला, ढवळा, पीएच मोजा. ४.२ ला ६ मिलिलिटर लागले तर १००० लिटरला ६०० मिलिलिटर. डोझिंग पंप १ टक्क्यावर (१०० लिटर पाण्याला १ लिटर द्रावण) असेल तर १० लिटरच्या स्टॉकमध्ये तेच ६०० मिलिलिटर जाईल. पीएच ४ च्या खाली उतरला की पक्षी पाणी कमी पितात, पाणी कमी झाले की खाद्य कमी होते, आणि वाढ खुंटल्यावर दोष खाद्यावर येतो.

ॲसिड आणि क्लोरीन एकाच स्टॉक ड्रममध्ये कधीही मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. दोन वेगळे पंप किंवा वेगळ्या वेळा, तिसरा पर्याय नाही.

*ॲसिड आणि चुनखडी.* खाद्यातला सर्वांत मोठा आम्लशोषक म्हणजे चुनखडीची पावडर. स्टार्टरमध्ये कॅल्शियम १.१ टक्क्याच्या पुढे नेऊन वर टनाला ३ किलो ॲसिड घातले तर ॲसिड चुनखडीतच खर्ची पडते. आधी कॅल्शियम ०.९ ते ०.९५ वर आणा. ब्युटिरेट (आतड्यासाठी दिले जाणारे ब्युटिरिक ॲसिडचे क्षार) घेत असाल तर कोटिंग असलेलेच घ्या. उघडे ब्युटिरेट वरच्या भागातच शोषले जाते, मागच्या आतड्यापर्यंत पोचत नाही.

*फायटेज आणि मॅट्रिक्स.* फायटेज (खाद्यातला बांधलेला फॉस्फरस मोकळा करणारे एन्झाइम) टनाला ५ लाख एफटीयू (त्याच्या ताकदीचे एकक), म्हणजे किलोला ५००, घातल्यावर फॉस्फरस कमी केला आणि कॅल्शियम तसेच ठेवले, तर दोघांचे गुणोत्तर बिघडते, पीएच चढतो, फायटेजचे स्वतःचेच काम मंदावते आणि चरबी साबणासारखी बांधली जाते. कॅल्शियम आणि उपलब्ध फॉस्फरस २ ला १ च्या आसपास ठेवा. दुसरी चूक म्हणजे फायटेज, झायलेनेज (तंतू तोडणारे) आणि प्रोटिएज (प्रथिन तोडणारे) या तिन्ही एन्झाइमच्या मॅट्रिक्समधली (एन्झाइममुळे जास्तीचे मिळेल असे धरलेल्या पोषणातली) पूर्ण ऊर्जा आणि पूर्ण अमिनो ॲसिड फॉर्म्युल्यातून वजा करणे. एकच न पचलेला भाग तिघांच्या नावावर मोजला जातो आणि पक्षी प्रत्यक्षात उपाशी राहतो. मका-सोयाच्या खाद्यात झायलेनेजकडून गव्हाच्या खाद्याएवढी अपेक्षाही ठेवू नका.

*बाइंडर.* बेंटोनाइट अफ्लाटॉक्सिन चांगले बांधते, डीऑक्सिनिव्हॅलेनॉलसारख्या विषांवर त्याचा फारसा उपयोग नाही. म्हणून «कुठल्या विषासाठी» हा प्रश्न आधी विचारा. डोस टनाला ५ किलोच्या वर नेला तर कॉक्सीच्या औषधांशी ते भिडते. रोबेनिडिन आणि टायलोसिनसारख्या मॅक्रोलाइड अँटिबायोटिकबरोबर ते वापरूच नये. कॉक्सीचे औषध खाद्यात असूनही कॉक्सी येतेय आणि बाइंडर दुप्पट केलेला आहे, असे असेल तर बाइंडरकडे बघा.

*औषधांच्या जोड्या.* सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन किंवा नॅरासिन खाद्यात असताना टायम्युलिन हे अँटिबायोटिक देऊ नका. पक्षी लुळे पडतात आणि मरतात. कॉक्सीची लस दिलेल्या बॅचला आयोनोफोरचे खाद्य गेले तर लसच मारली जाते. टोल्ट्राझुरिलचे (कॉक्सीवरच्या औषधाचे) द्रावण अल्कलाइन असते, ॲसिड घातलेल्या पाण्यात ते साका होऊन बसते. ॲम्प्रोलियम हे कॉक्सीचे औषध चालू असताना बी-कॉम्प्लेक्स बंद ठेवा, कारण थायामिन त्याचे काम रोखते.

मिक्सिंग

टनाला १ किलोपेक्षा कमी जाणारी कुठलीही वस्तू थेट मिक्सरमध्ये टाकू नका. आधी बारीक दळलेल्या मक्यात किंवा पेंडीत मिसळून ५ किलोचे प्रीमिक्स करा. मॅड्युरामायसिनसारख्या कॉक्सीच्या औषधात हे न केल्यास धोका आहे: डोस ५ पीपीएम असतो आणि दुप्पट झाला तरी पक्ष्यांना विषबाधा होते. कोलीन क्लोराइड ओल ओढते आणि व्हिटॅमिन खराब करते, त्यामुळे ते व्हिटॅमिन प्रीमिक्सच्या पिशवीत साठवू नका.

सोयापेंडीची युरिएज चाचणी दर लॉटला करा. पीएचमधली वाढ ०.०५ ते ०.२० च्या दरम्यान हवी. जास्त म्हणजे पेंड कच्ची, ट्रिप्सिन रोधक शिल्लक, आणि फीड पासिंग नक्की. अतिभाजलेली पेंड या चाचणीत पकडली जात नाही. त्यासाठी केओएच विद्राव्यता (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये किती प्रथिन विरघळते) बघा, ७५ ते ८५ टक्के ठीक.

चालू बॅच कशी सावरायची

कॉक्सी सिद्ध झाली असेल तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने २.५ टक्के टोल्ट्राझुरिल लिटरला १ मिलिलिटर, सलग ४८ तास. त्या दोन दिवसांत ॲसिड, क्लोरीन, टॉनिक सगळे बंद. नेक्रोटिक एन्टरायटिस असेल तर अँटिबायोटिक निवडणे पशुवैद्यकाचे काम आहे, आणि विक्रीआधीचा औषधबंदीचा काळ लेबलवर बघून पाळलाच पाहिजे. ओल्या लिटरचे गोळे काढून टाका, नवे कोरडे तूस पसरा, हवा वाढवा. मुठीत दाबलेले लिटर गोळा होऊन तसेच राहिले तर ओलावा जास्त आहे. हात उघडताच हलके सुटले तर ठीक.

फक्त फीड पासिंग असेल आणि घाव नसतील, तर औषध देऊ नका. दळण, पेंड, तेलाचा वास आणि खाद्यबदलाची पद्धत तपासा. स्टार्टरवरून फिनिशरवर एका दिवसात उडी न मारता पहिल्या दिवशी पाव, दुसऱ्या दिवशी निम्मे, तिसऱ्या दिवशी पाऊण असे नवे खाद्य मिसळा.

पुढच्या बॅचची मांडणी

पिल्ले येण्याआधी रिकाम्या पाइपलाइनमध्ये स्टॅबिलाइज्ड हायड्रोजन पेरॉक्साइडचे ३ टक्के द्रावण भरून किमान २४ तास ठेवा आणि धुऊन काढा. गेल्या बॅचच्या व्हिटॅमिन, गूळ आणि टॉनिकमुळे पाइपमध्ये बुळबुळीत थर बसतो आणि नवी पिल्ले त्यातूनच पाणी पितात. पिल्ले सोडल्यावर २४ तासांनी शंभर पिल्लांची गळ्याची पिशवी चाचपून बघा. ९५ च्या वर भरलेल्या आणि मऊ असायला हव्यात. हे जमले नाही तर विसाव्या दिवसाचा त्रास पहिल्याच दिवशी पेरला गेला असे समजा.

ॲडिटिव्ह मोजकीच ठेवा. कॉक्सीसाठी एक प्रोग्रॅम, पूर्ण डोसात (उदाहरणार्थ सॅलिनोमायसिन ६० पीपीएम, अर्धवट नाही). फायटेज, योग्य मॅट्रिक्ससह. पहिल्या दिवसापासून एक बीजाणूवाले प्रोबायोटिक. त्रास जुना असेल तर १० ते २८ दिवस कोटिंगचे ब्युटिरेट. नायकार्बाझिन उन्हाळ्यात वापरू नका, उष्णतेत त्यावर मरतूक वाढते. रासायनिक औषध सलग एक-दोन बॅचच्या वर चालवू नका.

नवीन वस्तू तपासायची असेल तर शेड जाळीने दोन भागांत विभागा. पिल्ले, खाद्य, पाणी सारखे, फरक एकाच वस्तूचा. दोन्हीकडे दर आठवड्याला किमान १०० पक्षी तोला, खाद्य वेगळे मोजा, आणि २१ व २८ व्या दिवशी प्रत्येकी ५ पक्षी उघडा. एफसीआरमधली सुधारणा गुणिले विक्रीचे वजन म्हणजे पक्ष्यामागे वाचलेले खाद्य: २ किलोच्या पक्ष्याचा एफसीआर ०.०३ ने सुधारला तर ६० ग्रॅम. त्या ६० ग्रॅमची किंमत पक्ष्यामागे झालेल्या ॲडिटिव्हच्या खर्चापेक्षा दोन बॅच सलग जास्त भरली तरच ती वस्तू फॉर्म्युल्यात कायम करा.